दोन रुपयांचा नकाशा

दोन नळ्या पिळून, काडीने कालवून लावायचा जो गोंद मिळतो, त्याचा वास मला आजही सहन होत नाही. परवा नळ दुरुस्त करायला माणूस आला, त्याने मोरीपाशी तो गोंद कालवायला घेतला आणि माझं डोकं तडकलं. मी उठून अंगणात जाऊन बसले. सून म्हणाली, "अम्मी, एवढा काही वास नाही येत." वासाचं काही नाहीच, राग आहे तो. इतकी वर्षं झाली तरी गेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो जावा म्हणून मी कधी प्रयत्नही केला नाही. तेव्हा हे प्रकरण मी रागातच लिहिणार आहे. ज्यांना शांत, गोड आठवणी हव्यात त्यांनी पुढची पानं उलटावीत.

आमची बेकरी साताऱ्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढे दुकान, मागे भट्टी आणि वर आम्ही राहायचो. थंडीत भट्टीच्या डोक्यावरच्या खोलीत फरशी कोमट असायची, म्हणून आम्ही सगळी भावंडं तिथेच पसरायचो. उन्हाळ्यात त्याच खोलीकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे खालून कणीक आपटल्याचे दणके यायचे, मग पत्र्याच्या ट्रे ओढल्याची खरखर, मग अब्बांचं खोकणं. अब्बा लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पावाच्या लाद्या बाहेर ओढायचे आणि वास जिना चढून वर यायचा. चांगला माल विकायला आणि फुटकी खारी, कडा करपलेले टोस्ट आम्हाला. मी बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत खारी मुळात अख्खी असते हेच मला नीट पटलं नव्हतं. घरात आम्ही अर्धी दखनी उर्दू आणि अर्धी सातारी मराठी बोलायचो. अम्मी रागावली की पहिलं वाक्य एका भाषेत सुरू व्हायचं आणि दुसऱ्या भाषेत संपायचं, त्यामुळे मार दोन्हीकडून बसल्यासारखा वाटायचा.

शाळेतून आले की दुपारी गल्ल्यावर मी बसायची. गल्ला म्हणजे लाकडी खण, आत नाण्यांचे चार कप्पे. तिथेच एकदा दोन रुपयांचं एक नाणं हाताला वेगळं लागलं. तेव्हा ती अकरा कोनांची नाणी नवी होती. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला भारताचा नकाशा आणि त्यात झेंडा. सिंहाच्या बाजूला कडेपासून आत एक केसासारखी रेघ गेलेली. मला वाटलं, कुणीतरी ओरखडा काढलाय. नखाने पाहिलं तर रेघ आत नव्हती, वर उठलेली होती. ओरखडा वर कसा येईल? मी ते नाणं स्वतःच्या पैशातलं नाणं टाकून काढून घेतलं आणि उशीखाली ठेवलं.

उत्तर मिळालं सांगलीला. तिथे माझा मामू राहायचा. त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि जोडीला तो रबरी शिक्केही करून द्यायचा. मे महिन्याची सुट्टी मी त्याच्याकडेच काढायची. त्याने नाणं भिंगाखाली धरलं आणि म्हणाला, "शमीम, ही खोट नाण्याची नव्हं. ज्या ठशानं छापलं त्या ठशाला तडा गेलाय. तड्यात धातू शिरतो, म्हणून रेघ वर उठलीया. माझ्या शिक्क्याला चीर पडली की हरेक कागदावर ती चीर उमटती, तसंच हे."

"म्हणजे अशी रेघ असलेली आणखी नाणी असतील?"

"असतीलच की. आन् तडा काय थांबतोय होय? वाढतच जायचा."

त्या एका वाक्याने मला कामाला लावलं. पुढची दोन-अडीच वर्षं मी आमच्या गल्ल्यातलं एकही दोन रुपयांचं नाणं न बघता सोडलं नाही. बँकेतून नव्या नाण्यांच्या पिशव्या साताऱ्यात येत, बहुधा एकाच वेळची नाणी गावभर पसरत आणि पाव घ्यायला आलेल्या माणसांच्या मुठीतून आमच्याकडे पोचत. मला तीच रेघ पुन्हा सापडली, पण आता ती 'भारत'मधल्या 'त'पर्यंत आलेली होती. पुढे ती सिंहाच्या छातीला टेकली. मग तिला फाटा फुटला. आणि शेवटी एक नाणं असं मिळालं की ते छापेपर्यंत ठशाचा कडेचा तुकडाच निखळला होता, आणि त्या जागी नाण्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढा फुगवटा आला होता. त्या फुगवट्यात अक्षर बुडालेलं. ते नाणं सापडलं त्या दिवशी मी दुकान टाकून भट्टीकडे धावले. अब्बांनी पिठाचे हात झटकत ते पाहिलं आणि विचारलं, "चालंल का पर हे बाजारात?" मी म्हटलं, "मी चालवणारच नाही." ते हसून पुन्हा कामाला लागले. एका ठशाचं नव्याचं जुनं होऊन मोडेपर्यंतचं आयुष्य मी रांगेने मांडू शकत होते. त्याशिवाय नकाशा फिरलेली, अर्धवट छापलेली, अक्षरं दुहेरी उमटलेली नाणी वेगळी होती. बिस्किटांचा एक डबा भरला होता.

सुट्टीत मामू नाण्यांचे फोटो काढायला शिकवायचा. कॅमेऱ्याचं भिंग उलटं लावायचं, नाणं काळ्या मखमलीवर ठेवायचं आणि दिवा अगदी खाली, कडेने. दिव्यापुढे बेकरीतला बटर पेपर, म्हणजे उजेड बोचरा पडत नाही. दिवा वरून लावला तर नाणं नुसतं चकाकतं आणि रेघ दिसत नाही. कडेने आला की रेघेची सावली पडते आणि नाणं बोलायला लागतं. रोल महाग, म्हणून लग्नांच्या रोलमधली शेवटची दोन-तीन चित्रं माझ्या वाट्याची. एकदा कुंडलच्या एका लग्नाच्या फोटोंत नवरीच्या पाठवणीनंतर थेट सिंहाची छाती गेली होती. ते लोक विचारायला आले, "ह्यो कोन पावना?" मामूने त्यांना चहा पाजला.

आता मोबाइलवर बघते, कानशीने नाणं घासतात, हातोड्याने ठोकतात आणि 'हे नाणं असेल तर तुम्ही लखपती' म्हणून भोळ्या माणसांच्या गळ्यात मारतात. माझ्या भाच्याने असा एक व्हिडिओ मोठ्या कौतुकाने दाखवला, त्याला मी इतकं झापलं की तो रडकुंडीला आला. टांकसाळीत घडलेली चूक आणि चोरट्याने घडवलेली चूक यांतला फरक कळण्यासाठी बघावं लागतं. कुणाला बघायचंच नसतं. आणि हे मला कळलं ते शाळेत.

शाळेचं नाव लिहीत नाही. शाळा वाईट नव्हती. नववीत असताना गॅदरिंगला छंदांचं प्रदर्शन ठरलं आणि वर्गशिक्षिकांनी माझी नाणी मागितली. मी डबा नेला. लाकडी ट्रेमध्ये कापूस पसरून नाणी क्रमाने मांडली, प्रत्येकाखाली त्याचा फोटो आणि मामूच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी. दोन दिवस मुलं येऊन भिंगातून बघत होती. कोयनानगरहून आलेल्या एका मुलीचे वडील धरणावर कामाला होते. त्यांनी तर बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तडा कुठून सुरू होतो ते बघायला आम्हाला पगार मिळतो. तू फुकट बघतेस." आयुष्यात माझं इतकं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

तिसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याचे चेअरमन प्रमुख पाहुणे होते. आम्ही मैदानात सतरंजीवर बसलेलो. शाल झाली, नारळ झाला, आणि मग आमच्या मुख्याध्यापकांनी, हेडसरांनी, दोन मुलांकडून पाहुण्यांना भेट द्यायची एक मोठी फ्रेम आणवली. निळ्या मखमलीवर नाण्यांचा केलेला भारताचा नकाशा! टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. हात वाजत असतानाच माझ्या लक्षात आलं की ती सगळी दोन रुपयांची नाणी आहेत, आणि मी सतरंजीवरून उठून प्रदर्शनाच्या वर्गाकडे पळाले. ट्रे रिकामा होता. कापूस तसाच. माझे फोटो आणि चिठ्ठ्या कोपऱ्यात केरसुणीजवळ गोळा करून ठेवलेल्या.

हेडसरांच्या खोलीत मी न विचारता शिरले. पाहुणे नुकतेच गेले होते, सर खुशीत होते.

"सर, ती नाणी माझी होती."

"हो हो, माहीत आहे. फार छान दिसला नकाशा. नकाशाची बाजू वर घेतल्यामुळे तर शोभूनच दिसला."

"सर, रेघ सिंहाच्या बाजूला होती. ती बाजू तुम्ही गोंदाने चिकटवली."

"कसली रेघ?" सर म्हणाले. खरोखरच त्यांना ठाऊक नव्हतं. दोन दिवस त्यांच्याच शाळेत मांडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. "अगं, दोन रुपये म्हणजे दोन रुपये. जेवढी होती तेवढे पैसे ऑफिसातून घेऊन जा. उलट देशाच्या नकाशात तुझी नाणी लागली, अभिमान वाटायला हवा. तुमच्यासारख्यांच्या मुलीला तर विशेष वाटायला हवा."

मी पैसे घेतले नाहीत. घरी येताना रस्ताभर माझ्या डोक्यात ते 'तुमच्यासारख्यांच्या' घुमत होतं. बेकरीवाल्यांच्या? की दुसरं काही? दुसरंच काही, हे मला तेव्हाही कळलं होतं आणि आजही मी त्यांना संशयाचा फायदा देणार नाही. माझ्या वाडवडिलांनी याच गावाला पिढ्यान्‌पिढ्या पाव खाऊ घातला. मी इथलीच आहे हे मला गोंदाने चिकटून दाखवायची काय गरज होती?

घरी मी सगळं सांगितलं. अम्मी म्हणाली, "सोड आता. बोर्डिंगचा पाव आपल्याकडनं जातो. ज्यांच्याकडं पाव जातो त्यांच्याशी तोंड वर करून बोलू नये." शाळेच्या बोर्डिंगला रोज सकाळी आमच्या लाद्या जात, हे खरं होतं. तिचं बरोबर होतं म्हणूनच मला तिचा जास्त राग आला. मी जेवले नाही.

पुढच्या रविवारी मी सांगलीला गेले. मामूला सांगितलं तेव्हा तो रबर कापत होता, त्याने ब्लेड खाली ठेवलं. "चल," एवढंच म्हणाला. त्याच्या स्कूटरवरून आम्ही विश्रामबागेतल्या चेअरमनांच्या बंगल्यावर गेलो. ते घरी नव्हते. त्यांच्या पत्नी बाहेर आल्या, काठापदराचं पातळ, हातात निवडायची मेथी. मी घाबरून एका दमात सगळं सांगितलं. त्यांना ठशाचं काही कळलं नसावं, पण त्यांनी मला मध्येच तोडलं नाही.

"न विचारता चिकटीवली?" त्या म्हणाल्या.

"हो."

"काय म्हणावं मानसास्नी! ये बाई, आत ये. सापडली तर घिऊन जा."

त्यांनी आम्हाला मागच्या एका खोलीत नेलं. दार उघडेना, आतून काहीतरी अडकलेलं. मामूने खांदा लावला. खोलीत छतापर्यंत सत्काराच्या वस्तू होत्या. पितळी तलवारी, बंद पडलेली घड्याळं, काचेतले बैल, गणपती, सह्या केलेली मानपत्रं, प्लॅस्टिकमध्येच असलेल्या शाली. माझा भारत दाराच्या मागे, कागदातच होता. कागद सोडलेलाही नव्हता! टाळ्या वाजल्या, फोटो निघाला, आणि ज्यांच्यासाठी माझ्या अडीच वर्षांवर गोंद ओतला त्यांनी तो कागद फाडूनही पाहिला नव्हता. मला रडू फुटलं. बाईंना वाटलं आनंदाने रडते आहे. त्यांनी आम्हाला भडंग आणि चहा दिला आणि फ्रेम बांधायला स्वतः सुतळी आणून दिली. "ही खोली रिकामी करायची तर आनखी धा पोरी याय पायजेत," असं म्हणाल्या.

मामूच्या स्टुडिओत कागद सोडला तेव्हा पुरतं कळलं. कोकणाची किनारपट्टी नीट यावी म्हणून काही नाणी कानशीने घासलेली होती. रेघ 'त'पर्यंत पोचलेलं माझं नाणं त्यांतच गेलं असावं. ते कधीच सापडलं नाही. आणि राजधानी दाखवायला दिल्लीच्या जागी एका नाण्यावर लाल नेलपॉलिश फासलेलं. मामूने एक नाणं नखाने उचकटून पाहिलं, स्पिरिट लावून बघितलं, पण गोंद दगडासारखा झाला होता. "ह्याला उष्णता पायजे," तो म्हणाला. "तुझ्या बापाकडं घिऊन जा."

अब्बांनी फ्रेमकडे बराच वेळ पाहिलं. नाण्यांभोवतीची मखमल फाडली, गोंद झिरपून नाणी जिला चिकटली होती ती फळी मोकळी केली. मग दुपारी खारी निघाल्यावर, टोस्ट सुकवायला भट्टीत जेवढी आच ठेवतात तेवढ्या आचेत त्यांनी ती फळी सरकवली. मी भट्टीच्या तोंडाशी उकिडवी बसले. तो वास सुटला. तोच, ज्याने मी आजही उठून जाते. अब्बा मधून मधून फळी ओढायचे, पातळ सुरी नाण्याखाली घालून बघायचे, नाही सुटलं की परत आत. एकदा म्हणाले, "घाई करू नगंस. धातू तापला की रंग जातो." मग एक नाणं टक करून सुटलं, मग दुसरं. संध्याकाळपर्यंत सगळी फळी मोकळी झाली. त्या दिवशीचे टोस्ट मात्र वाया गेले, त्यांना गोंदाचा वास लागला. अब्बांनी ते गोणीत भरून बाजूला ठेवले. नेलपॉलिशवालं नाणं उलटून पाहिलं. हरभऱ्याच्या डाळीएवढा फुगवटा! माझं सगळ्यात शेवटचं, सगळ्यात मोलाचं नाणं शाळेने दिल्ली म्हणून चिकटवलं होतं.

गोष्ट इथेच संपली असती. पण चेअरमनांनी कुठल्याशा बैठकीत हेडसरांना हसत हसत सांगितलं, की तुमच्या शाळेची पोरगी येऊन भारत घेऊन गेली. हेडसरांना ते हसू झोंबलं. त्यांनी मला बोलावून घेतलं. शाळेची बेअब्रू केली, पाहुण्यांच्या दारात भीक मागितली, असं बरंच काही. शेवटी म्हणाले, "उद्या प्रार्थनेनंतर माइकवर येऊन माफी मागायची. नाही मागितलीस तर दहावीला दुसरी शाळा बघ."

घरी कुणाला काहीच सांगितलं नाही. सकाळी अम्मीने वेणी घट्ट घातली, रोजच्यासारखी. प्रार्थना झाली. सरांनी माझं नाव पुकारलं. माइकपर्यंत जाताना मी खरंच माफी मागायचं ठरवलं होतं, हे इथे लिहिलं पाहिजे. वाक्यही पाठ केलं होतं. पण माइकपुढे उभी राहिले, आणि समोर ती सगळी मुलं दिसली जी माझ्या ट्रेवर वाकून गेली होती. त्यांना मी काय सांगणार होते, की तुम्ही पाहिलंत ते काही नव्हतं?

"मी पाहुण्यांच्या घरी गेले होते," मी म्हणाले. माझा आवाज लाउडस्पीकरमधून मलाच परका ऐकू आला. "माझी नाणी मागायला. ती मला न विचारता चिकटवली होती. काही कानशीने घासली. पाहुण्यांच्या घरच्यांनी ती लगेच परत दिली. मी चोरी केली नाही, भीक मागितली नाही. माफी मागायची तर ज्यांनी चिकटवली त्यांनी मागावी. आणि सर मला म्हणाले, तुमच्यासारख्यांच्या मुलीला अभिमान वाटायला हवा. आमच्यासारखे म्हणजे कसे, ते सरांनी इथेच सांगावं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तसं फक्त गोष्टीत होतं. सरांनी माइक ओढून घेतला आणि "वर्गात जा" असं सगळ्यांवर ओरडले.

तासाभरात शिपाई अब्बांना घेऊन आला. ते तसेच आलेले, अंगावर पिठाने पांढरी झालेली बंडी. सर खुर्चीत, अब्बा उभे, मी दाराशी. सर बोलत राहिले. शिस्त, संस्कार, उपकार. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि बोर्डिंगच्या पावाचंही आम्हाला बघावं लागेल."

अब्बांनी आतापर्यंत मान खाली घातली होती. ती त्यांनी वर केली.

"ते तुमी नका बघू, सर. उद्यापास्नं पाव येनार न्हाई. तुमाला दुसरीकडनं आनाय लागंल." मग म्हणाले, "पोरांचा आजचा दिलाय. त्ये उपाशी ऱ्हायला नकोत. आन् माज्या पोरीचा दाखला आत्ताच द्या, मी उभा हाय."

दाखला लगेच मिळाला नाही, त्यासाठी पुढे दोन-तीन खेपा झाल्या. दहावी मी सांगलीला मामूकडे राहून केली, आणि फोटो काढायचं माझं खरं शिक्षण तिथेच झालं. बोर्डिंगची गिऱ्हाइकी गेल्यामुळे घरात पैशांची ओढ बसली ती बसलीच. अम्मीने ईदला नवे कपडे घेतले नाहीत, आणि मला ते दिसत होतं. मी हे गोड करून सांगणार नाही. खरं बोलल्याची किंमत हेडसरांनी दिली नाही, आम्ही दिली. ते पुढे मानाने निवृत्त झाले, त्यांचा सत्कार झाला. तिथे काय भेट दिली ते मला ठाऊक नाही.

त्या दिवशी अब्बांबरोबर घरी पोचले तेव्हा बातमी आमच्याआधी पोचली होती. अम्मी गल्ल्यावर बसलेली. तिने अब्बांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मार खायच्या तयारीने उभी होते. तिने समोरच्या गिऱ्हाइकाला पाव बांधून दिला, सुटे परत दिले आणि ते गेल्यावर मला विचारलं, "माइक चालू होता?"

"होता."

"मागल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं?"

"गेलं."

"मग बस," ती म्हणाली. "जेव."